आठवडाभर विश्रांती, शनिवारी सामना

प्रश्न : गेल्या वर्षी बालेवाडीला रविवारचा सामना खेळताना माझा गुडघा दुखावला आणि कूर्चेचा (सांध्यातील मऊ गादीचा) फाटलेला भाग शस्त्रक्रिया करून काढावा लागला. डॉक्टरांनी फुटबॉल बंद करण्यास सांगितले आहे. संघातील मित्र मात्र टॉटनहॅम या लंडनच्या क्लबचा बचावपटू लेडली किंग याचा दाखला देतात. तो म्हणे सराव न करता थेट सामन्याला उतरत असे. हे खरे आहे काय? आणि ज्याच्या नावावर एकच मोठा चषक आहे, त्याला एवढे का मानतात?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मित्रांनी सांगितले ते खरे आहे, फक्त त्यांनी गोष्ट मधूनच सुरू केली आहे. किंगचा जन्म १९८० चा, पूर्व लंडनमधील बो या भागातला. टॉटनहॅमच्या युवा संघात तो घडला आणि मे १९९९ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, लिव्हरपूलविरुद्ध पहिल्यांदा मुख्य संघाकडून खेळला. २००१ मध्ये कर्णधार सोल कॅम्पबेल करार संपताच कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलकडे निघून गेला आणि टॉटनहॅमच्या चाहत्यांच्या जिव्हारी लागलेली ती पोकळी पुढे या मितभाषी मुलाने भरून काढली. त्याआधी तो मधल्या फळीतही खेळत असे. डिसेंबर २००० मध्ये ब्रॅडफर्डविरुद्ध त्याने ९.८२ सेकंदांत गोल केला आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेतील सर्वांत जलद गोलाचा तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. बचावपटू म्हणून नाव कमावलेल्या माणसाच्या नावावर हा विक्रम असावा, ही गंमतच म्हणायची.

त्याच्या गुडघ्यातील कूर्चा कारकिर्दीच्या उत्तरार्धात जवळजवळ संपलेली होती. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती एकदा झिजली की सहसा पूर्ववत भरून येत नाही. टॉटनहॅमचे तेव्हाचे प्रशिक्षक हॅरी रेडनॅप उघड सांगत असत की हाडावर हाड घासते आहे आणि शस्त्रक्रिया करण्यासारखे आत काही उरलेलेच नाही. सामना झाला की गुडघा सुजे आणि ती सूज उतरायला जवळपास आठवडा लागे. त्यामुळे सहकारी मैदानावर घाम गाळत असताना किंग व्यायामशाळेत किंवा तरणतलावात असे आणि मग शनिवारी दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून मैदानात येई. म्हणजे सराव नव्हता तो चेंडूचा. कष्ट नव्हते असे मुळीच नाही.

तरीही तो निभावून कसा नेत असे, हे समजून घ्यायचे असेल तर नोव्हेंबर २००६ मधील चेल्सीविरुद्धच्या सामन्यातील एक क्षण पाहावा. आर्येन रॉबेन चेंडू घेऊन एकटाच गोलकडे सुटला होता आणि त्याच्या वेगाला तेव्हा फारशी तोड नव्हती. किंगने मागून धावत त्याला गाठले आणि पेनल्टी क्षेत्रात, जिथे पाऊल बोटभर जरी चुकले असते तरी पेनल्टी आणि लाल कार्ड दोन्ही मिळाले असते, तिथे पाय घालून चेंडू अलगद काढून घेतला. सदरा ओढणे नाही, धक्का नाही. टॉटनहॅमने तो सामना २-१ असा जिंकला. लीगमध्ये चेल्सीवर असा विजय मिळायला १९९० पासून वाट पाहावी लागली होती. आर्सेनलचा थिएरी ऑन्री प्रतिस्पर्धी असूनही किंगचे कौतुक करी, ते याचसाठी की तो आघाडीपटूला न धरता चेंडू काढून घेत असे. आघाडीपटू कुठे वळणार हे आधीच ओळखण्याची ही नजर गुडघा शाबूत असतानाच्या वर्षांत कमावलेली होती. पुढे तो त्याच पुंजीवर जगला.

चषकांचे म्हणाल तर तुमचा हिशेब बरोबर आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये चेल्सीला अतिरिक्त वेळेत २-१ असे हरवून जिंकलेला लीग चषक, एवढाच. इंग्लंडकडून २१ सामने. युरो २००४ मध्ये जॉन टेरी जायबंदी असल्याने फ्रान्सविरुद्ध त्याला संधी मिळाली आणि इंग्लंड हरूनही त्याचा खेळ वाखाणला गेला. मे २०१० मध्ये जवळपास तीन वर्षांनी राष्ट्रीय संघात परतून त्याने मेक्सिकोविरुद्ध गोल केला, विश्वचषकाच्या संघात जागा मिळवली आणि पहिल्याच सामन्यात, अमेरिकेविरुद्ध, जांघेच्या दुखापतीमुळे मध्यंतराला बाहेर बसला. एका सामन्यानंतर दुसरा सामना चार-पाच दिवसांत येणाऱ्या स्पर्धेसाठी त्याला नेणे हा, माझ्या मते, मुळातच धोका होता. एकाच क्लबकडून लीगचे २६८ सामने खेळून २०१२ च्या जुलैमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. ज्या वयात मध्य बचावपटू खऱ्या अर्थाने पिकतो, त्या वयात. त्याला मोठे मानतात ते चषकांमुळे नव्हे, तर धड गुडघ्यांनी धावणाऱ्यांनाही तो अर्ध्या तयारीनिशी पुरून उरत असे म्हणून.

आता तुमच्या गुडघ्याविषयी. किंगच्या दिमतीला क्लबचे वैद्यकीय पथक होते आणि सामन्यानंतर सूज उतरेपर्यंत गुडघा जपणे हाच त्याच्या नोकरीचा भाग होता. तुम्हाला रविवारच्या सामन्यानंतर सोमवारी सकाळी कचेरी गाठायची असते. मित्रांना किंगची संपूर्ण गोष्ट सांगावी आणि डॉक्टरांचे ऐकावे.