मुलीला मानवी हक्कांच्या संघटनेत काम करायचंय, पगार किती?

प्रश्न: माझी मुलगी बारावी आर्ट्सला आहे. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिनं 'पीयूसीएल' या मानवी हक्क संघटनेची माहिती गोळा केली आणि आता म्हणते, मला तिथंच काम करायचं. माझं कृषी सेवा केंद्र आहे, या क्षेत्रातलं मला काही कळत नाही. पगार किती असतो? पुढं भवितव्य आहे का? आणि पोलिसांचं लफडं तर मागं लागणार नाही ना?
– एक पालक, जि. लातूर

उत्तर: पगाराचं आधी सांगते, कारण तो नाहीच. पीयूसीएल, म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, देशी किंवा परदेशी, कुठल्याच फंडिंग एजन्सीचे पैसे घेत नाही. सभासदांच्या वर्गणीवर आणि पदाधिकाऱ्यांच्या पदरमोडीवर ती चालते. तिथं 'लागायचं' म्हटलं तरी जागा निघत नाही. पण म्हणून पोरीला वेड्यात काढू नका. या संघटनेची माणसं पोटापाण्यासाठी काय करत होती ते बघितलं, तर तिचा रस्ता आपोआप दिसेल.

आणीबाणी चालू असताना, ऑक्टोबर 1976 मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं ही संघटना उभी राहिली. अध्यक्ष होते वि. म. तारकुंडे, आपल्या सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयात ते 1957 ते 1969 न्यायाधीश होते, नंतर सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. 1977 ला सरकार बदललं आणि काम थंडावलं. आपली माणसं सत्तेत बसली की असं होतंच. नोव्हेंबर 1980 मध्ये घटना, सभासदत्व आणि आजचं नाव घेऊन ती पुन्हा उभी राहिली. पुढचे अध्यक्ष बघा: रजनी कोठारी राज्यशास्त्राचे अभ्यासक, राजिंदर सच्चर दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती, के. जी. कन्नबिरन हैदराबादचे नावाजलेले वकील. यातल्या कुणाचीही चूल संघटनेवर पेटत नव्हती.

आता कामाचं. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजते ना? पूर्वी अनेक राज्यांत त्याऐवजी महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळायचं. 2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं मात्र धान्यानं भरलेली होती. तिथल्या पीयूसीएलनं सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला आदेश आला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवणच द्या, रोज किमान 300 कॅलरींचं. फोन टॅपिंगवर बंधनं घालणारा 1996 चा निकाल आणि मतदान यंत्रावरचं 'नोटा'चं बटण (2013) हेही याच संघटनेच्या याचिकांमधून आलं.

धोक्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. पीयूसीएलचे पदाधिकारी, बालरोगतज्ज्ञ डॉ. बिनायक सेन यांना छत्तीसगडमध्ये 2007 ला अटक झाली, 2010 ला जन्मठेप सुनावली गेली आणि 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. प्रत्येकाच्या वाट्याला हे येत नाही, पण येऊ शकतं. तिला हे माहीत असू द्या आणि तुम्हीही ते तिच्यापासून लपवू नका.

माझं मत विचाराल तर तिला वकील होऊ द्या. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स. क्लॅट ही कायद्याची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं. एमएच-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली तर पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (जीएलसी) आणि इतर कॉलेजं. मराठी माध्यमातली असेल तर इंग्रजीवर आत्तापासून घाम गाळावा लागेल. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर ज्युनिअरशिपची पहिली वर्षं कोरडी जातात. सिनिअर हातावर ठेवतील ते बहुधा पेट्रोललाच जाईल, तेव्हा तेवढी तजवीज तुम्हाला करावी लागेल. मानधनाचं कामही आहे: अनेक जिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणाची लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथं गरीब आरोपींच्या वतीनं वकील उभे राहतात. 1993 ला स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळते. पीयूसीएलची सभासद ती या सगळ्याबरोबर होऊ शकते.

फॉर्म भरण्याआधी एक करून बघा. 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा 23 सप्टेंबर 2014 चा निकाल तिला इंटरनेटवर शोधायला सांगा. 1995 ते 1997 दरम्यान मुंबईत झालेल्या पोलीस चकमकींवरून हे प्रकरण न्यायालयात गेलं होतं. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करून घ्या, पोलिसांना लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका, अशा 16 सूचना त्यात आहेत. त्या तिनं दुकानात बसून तुम्हाला मराठीत समजावून सांगाव्यात, आणि तुम्ही शंका काढत राहा. तिला त्यात रस वाटला तर सीईटीचा फॉर्म भरा. निकालाची भाषा वाचून कंटाळली, पण माणसांचे प्रश्न तिला स्वस्थ बसू देत नसतील, तर समाजकार्याचा विचार करा. टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) तुळजापूरचं केंद्र तुम्हाला जवळ आहे, एक दिवस तिला घेऊन बघून या.