टायटॅनियात (टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये) लोह घातल्यावर बँडगॅप कमी आला, म्हणजे डोपिंग झालं का?

नाही, तेवढ्यावरून डोपिंग झालं, म्हणजे लोहाचे अणू स्फटिकाच्या आत बसले, असं म्हणता येत नाही. बँडगॅप म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा. शुद्ध अ‍ॅनाटेजचा (टायटॅनियाच्या एका स्फटिकरूपाचा) बँडगॅप सुमारे ३.२ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणजे शोषण ३८७ नॅनोमीटरच्या आसपास सुरू होतं. तुमची पांढरी पूड भट्टीत भाजल्यावर तांबूस-पिवळी झाली, यूव्ही-व्हिजिबल शोषणाचा आलेख उजवीकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे सरकला. पण लोह आत न शिरता कणांवर नुसतं ऑक्साइड होऊन बसलं, तरी असंच दिसतं. नमुने मोजताना हे मी पाहिलंय. रामन वर्णपटातली (विखुरलेल्या प्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणाऱ्या) १४४ प्रति सेंमीची रेघ सरकली का बघा. मात्र कण फार बारीक असले तरीही ती सरकते, म्हणून जोडीला एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरच्या अणूंची रासायनिक अवस्था तपासणं) हवंच. आणि बेळगावात वडगाव-खासबागच्या मागांकडचं रंगाचं पाणी ही पूड प्रकाशात साफ करते का, हे बघायला वापरणार असाल, तर बिनरंगी फिनॉलवरही प्रयोग कराच. रंग स्वतःच प्रकाश शोषतो, त्यात फसगत होते.