स्टेअरिंग घेताना आधी पायाकडे बघा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की हल्ली दुकानात मिक्सर कमी आणि गेमची स्टेअरिंगं जास्त दुरुस्तीला येतात. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांच्याच नावे. शाहूपुरीतल्या माझ्या टेबलावर 31 वर्षांत रेडिओ, व्हीसीआर, इन्व्हर्टर सगळं येऊन गेलं. स्टेअरिंग हा त्यातला सगळ्यात लाडका पाहुणा. दुरुस्त झालंय की नाही हे बघायला चालवून बघावं लागतं ना! घरच्यांना हे कारण आता पटेनासं झालंय, ते असो.

मी इस्लामपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरवर असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो, आतापर्यंत हातात धरायच्या बटणांच्या गेमपॅडवर. 25 हजार जमवलेत. लॉजिटेकचं जी 29 स्टेअरिंग घेऊ, की अजून थांबून मोझाचं आर 5 घेऊ? ओळखीतला एक जण वापरलेलं जी 29 देतोय, 14 हजार म्हणतो. माझं टेबल घडीचं आहे. — एक विद्यार्थी, इस्लामपूर

भावा, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी लिहिलंस. टेबल घडीचं आहे.

आधी दोन्हींतला फरक. जी 29 मध्ये मोटर आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये दातेरी चाकं आहेत. आर 5 मध्ये मधलं काही नाही, मोटरच्या दांड्यावरच स्टेअरिंग. म्हणून त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. थ्रस्टमास्टरच्या टी 300 सारख्यांत पट्टे असतात, ते या दोहोंच्या मधले. दात्यांचा खडखडाट हाताला कळतो, पट्टा मऊ चालतो, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये डांबरावरची बारीक खरखरसुद्धा येते. ताकदीचं म्हणशील तर जी 29 साधारण 2 न्यूटन मीटर आणि आर 5 साडेपाच. हे आकडे जाहिरातीत वाचून डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला बाजारच्या पिशवीत सांगतो. 28 सेंटिमीटरच्या स्टेअरिंगच्या कडेला दीड किलो बटाट्यांची पिशवी लटकवली तर हाताला जेवढा ओढा लागेल तेवढं 2 न्यूटन मीटर. साडेपाच म्हणजे चार किलो. आता ही चार किलोची पिशवी डावी-उजवीकडे हिसके देतेय आणि ती धरून ठेवायला तुझं घडीचं टेबल आहे, असं डोळ्यांसमोर आण.

ही ताकद लागते कशाला? वळणात पुढची टायरं रस्ता धरून असतात तेव्हा स्टेअरिंग जड लागतं. पकड सुटायला आली की ते हलकं पडतं. ते हलकं पडणं ओळखता आलं की गाडी बाहेर फेकली जायच्या आत तुला कळतं. गेमपॅड नुसता थरथरतो, हे सांगत नाही. पण हे जड-हलकं कळायला दीड किलोची पिशवी पुरते. पोरं ती पुरत नाही म्हणून गेममध्ये फोर्स, म्हणजे स्टेअरिंगचा हा जोर, पूर्ण वाढवतात आणि तिथं चुकतात. कर्ण्याचा आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तो मोठा होत नाही, फाटतो. इथं तसंच. सगळंच जड लागतं, मग हलकं पडलेलं कळणार कसं? असेटो कोर्सात पेडलच्या पट्ट्या दाखवणारी छोटी खिडकी उघडता येते, त्यात फोर्सचीही एक पट्टी असते. ती सारखी लाल होत असेल तर फोर्स कमी कर.

आता पाय. माझं पहिलं स्टेअरिंग मी सनमायकाच्या टेबलाला आवळलं. हात खूश. पहिल्या वळणाला जोरात ब्रेक मारला तर फरशीवर नुसती ठेवलेली पेडलं सुळकन पलंगाखाली, मी चाकाच्या खुर्चीसकट मागं आणि गाडी भिंतीत. महिनाभर मी स्वतःला वाईट ड्रायव्हर समजत होतो. मग एक दिवस जेवणाचा पाट पेडलांमागं ठेवून भिंतीला टेकवला आणि खुर्ची बदलून साधी लाकडी घेतली. त्याच गाडीत, त्याच ट्रॅकवर दोन सेकंद कमी. स्टेअरिंगला बोटही लावलं नव्हतं.

भिंत जवळ नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. खुर्चीचे पुढचे पाय आणि पेडलांचा पाट सुतळीने ताणून बांध. तू पेडल पुढं ढकलतोस त्याच जोराने स्वतः मागं ढकलला जातोस. दोघं एकमेकांना बांधले की जायचं कुठं?

ब्रेकबद्दल आणखी थोडं, कारण खरा वेळ तिथं जातो. चारचाकीचा ब्रेक आठव. थोडा आत जातो, मग घट्ट लागतो, आणि त्यापुढं पाय जवळपास हलत नाही, फक्त दाब वाढतो. आपला पाय लक्षात ठेवतो तो दाब. किती इंच आत गेला हे पायाला नेमकं आठवत नाही. साधी पेडलं मात्र मोजतात ते अंतर. पेडल हललं की आतला छोटा पोटेन्शिओमीटर फिरतो. आपल्या जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम होता तोच प्रकार. महागड्या पेडलांत लोडसेल असतो, तो दाब मोजतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच जातभाई. जी 29 मध्ये लोडसेल नाही, पण ब्रेकच्या स्प्रिंगपाशी रबराचा ठोकळा आहे. पेडल निम्म्यावर गेलं की तो लागतो आणि पेडल एकदम कडक होतं. पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात तो काढून टाकतात, कारण सगळा जोर लावूनही गेममधली ब्रेकची पट्टी शंभरावर जात नाही. काढू नकोस. पट्टी शंभरावर जात नाही ती पेडल फरशीवर सरकतं म्हणून. आधी पाट, मग गेममध्ये ब्रेकचा गॅमा (पेडल किती दाबलं की किती ब्रेक लागतो ते ठरवणारी सेटिंग) थोडा वर-खाली करून बघ. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटचा लोकांनी गेमसाठी बनवलेला ट्रॅक मिळतो, तो घाल. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभर सरळ रस्ता आणि मग चौथं वळण. तिथं ब्रेक एकदम पूर्ण दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचा. दाबणं सगळ्यांना येतं, सोडणं शिकायला मला चार महिने लागले.

तर निर्णय असा. वापरलेलं जी 29 घे, पण न तपासता नको. त्याच्या घरी जा. वीज लावून कॉम्प्युटरला जोडलं की ते आपण होऊन दोन्हीकडे पूर्ण फिरून मध्ये थांबलं पाहिजे. हाताने हळू फिरवून आवाज ऐक; एकसारखी खरखर चालेल, एकाच जागी कट्ट वाजलं तर एखादा दात गेलाय. मग विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाईप कर, कंट्रोलरची खिडकी येते. तिच्यात पेडलच्या पट्ट्या दिसतात. एकेक पेडल अगदी सावकाश दाब. पट्टी चढताना थरथरली किंवा मध्येच उडी मारली तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ आहे. हे घाबरण्यासारखं नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी आणि वीस-पंचवीस वेळा दाबून सोडलं की बहुतेक वेळा सुटतं. पण तोंड वाकडं करून हजार-दीड हजार कमी करून घ्यायला हे कारण उत्तम. अडॅप्टर मूळचा आहे ना, तेही बघ.

उरलेल्या पैशात सुताराकडून एक चौकट करून घे. खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर पेडलं पक्की, वर स्टेअरिंगला फळी, मागं खुर्चीचे पाय अडतील अशी खाच. गादीसाठी जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या मारुतीची सीट मिळते. दोन वर्षांनी आर 5 घेतलंस तरी चौकट तीच राहील. आणि तेव्हा गाडी भिंतीवर जाणार असं दिसलं की अंगठे स्टेअरिंगच्या आरीबाहेर काढायचे. चार किलोची पिशवी झटका देते.

मुलगा दहा वर्षांचा आहे. मित्राकडे पाहिल्यापासून स्टेअरिंग हवं म्हणून हटून बसलाय. ऑनलाइन चार-पाच हजारांना दिसतात. घ्यावं का? त्यातून पुढं गाडी शिकायला मदत होते का? — एक आई, नाशिक

ताई, त्या किमतीच्या बहुतेक स्टेअरिंगांत मोटर नसते. आत रबर किंवा स्प्रिंग असते, सोडलं की मध्ये येतं, बस. दोन्ही बाजूंना मिळून अर्धं वर्तुळच फिरतं, कधी थोडं जास्त. खेळणं म्हणून वाईट नाही. पण मित्राच्या घरी त्याने मोटरवालं चालवलं असेल तर आठवड्यात हिरमुसेल. आधी त्या मित्राकडे कुठलं आहे ते विचारा.

घेतलंतच तर सनमायका किंवा काच असलेल्या टेबलावर लावा. खाली रबरी चोषक असतात, ते नुसत्या लाकडाला धरत नाहीत. आणि त्याचे पाय जमिनीला पुरतात का बघा. दहा वर्षांच्या मुलाचे बऱ्याचदा पुरत नाहीत, मग तो खुर्चीच्या कडेवर बसून चालवतो आणि पाठ दुखते म्हणतो. पेडलांखाली पाट द्या. (पाट या सदरात फारच येतोय, पण इलाज नाही.)

गाडी शिकण्याचं म्हणाल तर नजर लांब ठेवायची सवय लागते, एवढं मी पाहिलंय. सिग्नलला आडवी येणारी रिक्षा कुठलाच गेम शिकवत नाही.

कॉम्प्युटर आहे, पुढं एक्सबॉक्स घ्यायचा विचार आहे. जी 29 चालेल का? — एक वाचक, पिंपरी

कॉम्प्युटरवर चालेल, एक्सबॉक्सवर नाही. जी 29 प्लेस्टेशनचं, जी 920 एक्सबॉक्सचं. कॉम्प्युटरला दोन्ही चालतात. तुम्ही जी 920 घ्या.

एस.टी.त ड्रायव्हर होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नातवाने युरो ट्रक सिम्युलेटर दाखवला आणि मला वेड लागलं. पण बटणांवर चालवणं म्हणजे चालवणं नव्हे. मला क्लच हवा, गिअरचा दांडा हवा. नातू म्हणतो ऑटोमॅटिक ठेवा. उजवा गुडघा थोडा धरतो. — संगमनेर

मामा, तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं.

घेताना पेडलं मोजा. काही संचांत दोनच येतात, थ्रस्टमास्टरच्या टी 150 च्या साध्या संचात क्लच नाही. जी 29 आणि जी 920 मध्ये तीन आहेत. दांडा वेगळा विकत घ्यावा लागतो. लॉजिटेकच्या दांड्यात सहा गिअर आणि रिव्हर्स, रिव्हर्सला दांडा खाली दाबून टाकायचा. ट्रकला गिअर बारा असतील तर रेंज (खालचे सहा की वरचे सहा) बदलायचं काम स्टेअरिंगवरच्या एखाद्या बटणाला लावून द्या, ते नातवाला दोन मिनिटांत जमेल. एक आधीच सांगतो, क्लचचं पेडल तुम्हाला अगदी लोण्यासारखं लागेल. एस.टी.चा क्लच दाबलेला पाय आहे तुमचा. पहिले दोन दिवस गिअर टाकताना तो जमिनीत रुतवाल, मग येईल अंदाज.

स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 900 अंश, म्हणजे अडीच वेढे फिरतं. बसच्या मानाने कमी, आणि आकाराने फूटभरही नाही. वळताना हात उगाच लांब जातील. मधला झाकणाचा भाग आपल्या छातीसमोर जरा खाली येईल असं बसवा आणि गुडघ्यासाठी खुर्ची चांगली उंच घ्या, पेडल वरून दाबल्यासारखं व्हायला हवं. खालच्या सोफ्यावरून पाय लांबवून दाबलं की सगळा ताण गुडघ्यावर येतो. ब्रेकमधला रबराचा ठोकळा मात्र तुम्ही काढा, ट्रकला त्याची गरज नाही.

युरोपात उजवीकडून चालवतात, त्याने तुमचा पहिला तास शिव्या देण्यात जाईल. म्हणून नवीन खेळ सुरू करताना तो मुख्य ठिकाण विचारतो तेव्हा इंग्लंडातलं एखादं शहर सांगा. तिथं आपल्यासारखंच डावीकडून. स्वतःचा ट्रक घेण्याइतके पैसे साठले की वर्कशॉपमध्ये नेऊन उजव्या बाजूला स्टेअरिंग असलेली केबिन घालून घ्या. नंतर कधी डोव्हरहून फेरीबोटीने फ्रान्समधल्या कॅलेला उतरायची हौस आली तर नातवाला शेजारी बसवा, पहिला चौक येईपर्यंत तरी.