प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : माजी अधिकाऱ्यांची संस्था

प्रश्न : आमची निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची नोंदणीकृत संस्था आहे. वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडली, इतिवृत्तही लिहिले. तरी बँक जुन्या खजिनदारांचीच सही मागते. ते आता देहरादूनला असतात. – एक निवृत्त कर्नल, वानवडी

उत्तर : बँकेचे चुकत नाही. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थेची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही होते, आणि बँक पाहते तो धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा. त्यावर जुनी नावे असतील तर इतिवृत्त दाखवून भागत नाही. राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत हवा आणि त्यात उशिराचे खरे कारण हवे.

अर्जाला सभेची सूचना, ती सर्वांना पाठवल्याचा पुरावा, सह्यांचे हजेरीपत्रक, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रे आणि पायउतार झालेल्यांची ना-हरकत जोडा. देहरादूनहून ती आजच मागवा. ती नसली की नोटीस काढावी लागते आणि महिने जातात. अर्ज अडतात ते बहुधा सूचनेपायी. संस्थेच्या घटनेत पंधरा दिवस लिहिले असताना आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, तर हरकत घेणाऱ्याला आयतेच कारण मिळते.

सेवेतल्या अधिकाऱ्याला मानाने कार्यकारिणीत घेण्याची प्रथा मात्र सोडाच. त्यांची बदली झाली की पुन्हा बदल अर्ज! त्यांना कार्यकारिणीबाहेर आश्रयदाते करा. मान तोच राहतो.

प्रश्न : आमच्या घटनेत फक्त सदस्यांचे स्नेहसंमेलन आहे. जवानांच्या वीरपत्नींना मदत करायची आहे. – सचिव, खडकी

उत्तर : करायलाच हवी, पण आधी उद्दिष्ट बदला. नाहीतर तो खर्च उद्दिष्टाबाहेरचा म्हणून हिशेब तपासणीत आक्षेप येईल. १८६० च्या कायद्याचे कलम १२ पाहा : लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सदस्याला, तिथे सदस्यांच्या तीन-पंचमांश मतांची संमती, महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर सदस्यांच्या तीन-पंचमांश मतांनी कायम करणे. पहिल्या सभेचा आकडा हजर सदस्यांचा नव्हे, सगळ्या सदस्यांचा धरतात. तुमचे लोक देशभर पांगलेले, त्यामुळे गाडी इथेच अडते. कायदा या सभेत प्रतिनिधीमार्फत मत देऊ देतो. तशी पत्रे प्रस्तावासोबतच पाठवा. त्याआधी सदस्ययादी साफ करा. दिवंगतांची नावे यादीत राहिली तर तीन-पंचमांशचा आकडा उगाच वाढतो. दोन्ही सभा झाल्या की उद्दिष्टाच्या नोंदीसाठीही बदल अर्ज लागेल.