वायकिंग लोक परदेशात मेलेल्या माणसासाठी गावात दगड का उभारत? खाली कोणी पुरलेलंच नसेल तर त्याचा उपयोग काय?

उपयोग होता, आणि माझ्या मते तो मेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यांना जास्त होता.

रूनस्टोन, म्हणजे रून या जुन्या लिपीत मजकूर कोरलेला दगड, हे थडगं नव्हे. स्वीडनमध्ये असे अडीच हजारांच्या आसपास दगड आहेत, बरेचसे अकराव्या शतकातले. कित्येक रस्त्याकडेला किंवा पुलाजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. (परदेशाचा उल्लेख मात्र दहातल्या एखाद्यावरच, बाकीचे घरीच वारलेल्यांचे.) मजकुराचा साचा ठरलेला: अमक्याने हा दगड आपल्या बापाच्या, भावाच्या स्मरणार्थ उभारला. नाव आधी येतं ते उभारणाऱ्याचं! माणूस ‘ग्रीस’मध्ये, म्हणजे बायझंटाइन साम्राज्यात मेला, तर गावात ना प्रेत येणार ना कोणी अंत्यविधी पाहिलेला. मग त्याची जमीन कोणाची? बिर्गिट सॉयर या इतिहासकार बाईंनी रूनस्टोनचा संबंध थेट वारसाहक्काशी जोडला तो यामुळेच: दगड उभारणारा तो वारस.

स्वीडनच्या ओस्टरयोटलंड प्रांतातला ह्योग्बीचा दगड घ्या. थोरगेर्डने तो आपल्या मामासाठी, असुरसाठी उभारला. तो पूर्वेला ग्रीसमध्ये वारला. दगडाच्या मागच्या बाजूला पद्य आहे: भल्या गुलीला पाच मुलगे होते. मग असुरसकट एकेकाचा शेवट सांगत पाचही संपतात. सगळे मामा गेले, म्हणजे हक्क भाचीचा, असं वाचता येतं. पण नुसत्या हक्कासाठी पद्य कशाला रचायचं? तिथे मला सॉयरबाईंचं म्हणणं अपुरं वाटतं.

ग्रिप्सहोमच्या दगडावरही पद्य आहे. टोलाने तो मुलगा हारल्ड, म्हणजे मोहिमेचा म्होरक्या इंगवार याचा भाऊ, याच्यासाठी उभारला. इंगवारची मोहीम 1040च्या सुमारास पूर्वेला गेली आणि तिच्यातले फार थोडे परतले. तिच्या स्मरणाचे पंचवीसेक दगड सापडलेत. टोलाच्या दगडावर म्हटलंय की ते मर्दासारखे दूर सोन्यामागे गेले, पूर्वेला त्यांनी गरुडाला खाऊ घातलं (म्हणजे शत्रू कापले), आणि दक्षिणेला सर्कलँडात, मुसलमानांच्या मुलखात, मेले. गंमत म्हणजे ती इंगवारला आपला मुलगा म्हणत नाही, म्हणून काही अभ्यासक दोघांना सावत्र भाऊ मानतात.

एकीने तर आधीच सोय केली. उपलंडच्या इंगेरुनने स्वतःच्याच स्मरणार्थ रून कोरून घेतले, कारण तिला जेरुसलेमला जायचं होतं. कोरणारा कारागीर फोट, त्याचं नावही खाली होतं.