तीन वर्षांच्या मुलाच्या जबड्याला प्लेट घालावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक जिन्यावरून पडून त्याचा खालचा जबडा मोडलाय, डॉक्टर 'प्लास्टिकची टोपी बसवून तारेने बांधू' म्हणतात आणि दीर म्हणतात मोठ्या दवाखान्यात नेऊन प्लेटच घाला, म्हणजे हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी. तोंडाची ऑपरेशनं करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने.

या वयात वर दुधाचे दात आणि त्यांच्याखाली हाडात कायमच्या दातांचे कोंब दाटीवाटीने बसलेले असतात. स्क्रू मारायला मोकळं हाड उरतं ते जेमतेम खालच्या काठाला. कोंबाला स्क्रू लागला तर ते कळतं काही वर्षांनी, दात वाकडा येतो किंवा येतच नाही तेव्हा. शिवाय प्लेट पुढे काढायची तर आणखी एक ऑपरेशन. तुकडे फारच सरकले असतील तर प्लेट घालावी लागते, मीही घातली आहे, पण नाइलाज म्हणून.

टोपीचं काम असं चालतं. दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात, तो मोडलेल्या जागी कापून दात नीट जुळवतात आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकची टोपी घडवतात. मग पूर्ण भूल देऊन ती खालच्या दातांवर बसवायची आणि तार जबड्याच्या हाडाखालून फिरवून आवळायची. ऐकताना पोटात गोळा येतो, पण बाहेर हनुवटीखाली टोचल्याएवढीच खूण राहते. लहान मुलांचं हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं. म्हणूनच दिवस घालवू नका, वाकडं राहिलं तर ते तसंच आणि तितक्याच लवकर धरतं. वरचा जबडा मोकळा असल्याने तोंड उघडतं, पेज, मऊ वरणभात चालतो. खाल्ल्यावर पाणी पाजा. सूज वाढली, ताप आला तर लगेच दाखवा.

तुम्ही एक लिहिलं नाहीत. हनुवटी फुटून टाके पडलेत का? पडले असतील तर कानापुढचा सांधा सीटी स्कॅनमध्ये पाहिला का, हे आजच विचारा. हनुवटीवरचा मार थेट तिथे पोचतो. तिथे मोडलं असेल तर बहुतेक वेळा कापाकापी लागत नाही, पण डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज तोंड उघडण्याचा व्यायाम हवा, आणि मूल रडतं म्हणून तो बंद करायचा नाही. नाहीतर सांधा जखडू शकतो, हनुवटी एका बाजूला आखूड राहते. दहा-बारा वर्षांची मुलं येतात माझ्याकडे, दातांमध्ये करंगळी जात नाही. खोदून विचारलं की आई म्हणते, "लहानपणी पडला होता, पण हनुवटीला टाके घातले होते की."

टोपी निघाल्यावरही वर्षातून एकदा दाखवत राहा, कायमचे दात येऊन वाढ पूर्ण होईपर्यंत.