पहाटेचा कसारा घाट आणि लोकरीचे हातमोजे

प्रश्न : ताई, मी वर्तकनगरला राहतो. दर शनिवारी पहाटे चारला बाइकवरून सिन्नर तालुक्यातल्या गावी आईकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत कसारा घाट चढून इगतपुरी येईपर्यंत बोटं इतकी आखडतात की क्लच किती दाबला तेच कळत नाही. लोकरीचे हातमोजे घालून पाहिले, त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्याही बांधल्या. काही उपयोग झाला नाही. फेब्रुवारीत मित्रांबरोबर बाइकने स्पितीला जायचा बेत आहे. गरम, पाणी न शिरणारे आणि पडल्यावर हात वाचवणारे, असे एकच हातमोजे मिळतील का? कोणत्या कंपनीचे घेऊ? तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, लोकरीचे हातमोजे आजच बाजूला ठेवा. घरात घाला, आईला द्या, पण बाइकवर नको.

मी हाताच्या व्यायामोपचारांचं काम करते आणि वीस वर्षं बाइक चालवते. तरी एका जानेवारीत मीही लोकरीचेच मोजे घालून घोडबंदर रोडने निघाले होते. गायमुखच्या उतारावर खडी सांडलेली होती. वेग जेमतेम तीस-पस्तीस. पुढचं चाक सरकलं आणि मी तळवे टेकून पडले. पडताना प्रत्येक माणूस हेच करतो, हात आपोआप पुढे जातात. लोकर क्षणात फाटली आणि तिचे धागे जखमेत रुतले. ते चिमट्याने एकेक करून काढले, त्याची आठवण आजही नको वाटते. खरं दुखणं मात्र मनगटात होतं. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी खळगा असतो, तिथे दाबलं की कळ यायची. बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला चीर दिसली. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं, त्यामुळे मनगटाकडचा तुकडा जुळायला फार वेळ घेतो. माझा हात दहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.

म्हणून हातमोजे उलटे करून आधी तळवा बघा. तळव्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, कडक गुळगुळीत प्लास्टिकची चकती हवी. तिला स्लायडर म्हणतात. नुसतं कापड किंवा रबर रस्त्याला पकडून बसतं आणि सगळा झटका मनगटावर येतो. चकती असली की हात घसरत पुढे जातो आणि झटका कमी होतो. बोटांच्या सांध्यांवरचं टणक कवच दुकानात सगळे कौतुकाने ठोकून बघतात, तळव्याकडे फारसं कुणी बघत नाही. नंतर मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्या हाताने मोजा ओढा. निघून आला तर तो मोजा परत ठेवा, कारण पडताना तो तुमच्याआधी रस्त्यावर जाईल.

कंपनीचं नाव मी देणार नाही. आतलं लेबल वाचा. मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि ‘ईएन १३५९४’ असा युरोपीय मानकाचा क्रमांक असेल, तर ते हातमोजे तपासून घेतलेले आहेत. सोबत १ किंवा २ ही पातळी असते. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर तळवा दाबून ही चाचणी करतात. पहिल्या पातळीला तो चार सेकंद टिकावा लागतो, दुसऱ्या पातळीला आठ. ‘केपी’ लिहिलेलं असेल तर सांध्यांवरचं कवचही तपासलेलं आहे. तुमच्या पैशांत पहिली पातळी आणि केपी एवढं शोधा.

आता थंडी. ठाण्यातून निघताना हवा बेताची गार असते, पण इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. नुसत्या उंचीनेच तीन-चार अंश उतरतात. त्यात तुमचा वेग. पारा १० अंशांवर असताना ताशी ६० ने गेलात, तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांची थंडी लागते. म्हणजे तुमचा खरा शत्रू वारा आहे आणि लोकरीतून वारा आरपार जातो. पिशव्यांनी वारा अडला असेल, पण घामाची वाफ आतच कोंडली आणि मोजे ओले झाले. शिवाय प्लास्टिक मुठीवरून सरकतं. हा प्रयोग पुन्हा करू नका, ब्रेक दाबताना हात घसरेल.

वॉटरप्रूफ हातमोज्यांत बाहेरचं चामडं किंवा कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो पाणी आत येऊ देत नाही, घामाची वाफ मात्र थोडी बाहेर सोडतो. वाराही तोच अडवतो. त्यामुळे हिवाळ्यात नाशिककडे पाऊस नसला तरी तुम्हाला हाच प्रकार घ्यायला सांगेन, अवकाळी आला तर तेवढाच आधार. घरी आणल्यावर मोजा घालून हात दहा मिनिटं नळाखाली धरा. वरचं चामडं भिजून जड होईल, तो दोष नाही. आतलं बोट कोरडं राहिलं की झालं. काही मोज्यांत हा पडदा आत नुसता सोडलेला असतो, आणि ओला हात ओढून काढला की अस्तराची बोटं उलटी होऊन बाहेर येतात. ती परत बसवणं फार कटकटीचं असतं. दुकानातच अस्तर चिमटीत धरून हलकेच ओढून बघा.

मनगटाची बाजू लांब हवी. कोरड्या थंडीत मोजा जॅकेटच्या बाहीवरून चढवा, वारा आत शिरणार नाही. पावसात उलट करा, बाही मोज्यावर घ्या. नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी थेट बोटांत जाऊन साचतं आणि वॉटरप्रूफ मोजा पाण्याची पिशवी होतो.

मापात लोक हटकून चुकतात. थंडीचे मोजे घट्ट घेऊ नका. अस्तरातली हवाच ऊब धरते, ती दाबली गेली की ऊब संपली, आणि आवळलेल्या बोटांत रक्तही नीट पोहोचत नाही. फार सैल असले तरी ब्रेकचा अंदाज जातो. दुकानात बाइकच्या मुठीवर हात ठेवून बघा. मूठ वळली की बोटांच्या टोकांशी किंचित जागा उरली पाहिजे.

आणि दादा, छातीकडे लक्ष द्या. छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त कमी करून आतल्या अवयवांना ऊब देतं. मग कितीही महागडे मोजे घाला, बोटं गारच. माझे काका स्कूटरवरून नाशिकला जाताना शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालायचे. ते अगदी बरोबर करत होते. वारा न शिरणारं जॅकेट आणि गळ्याला बफ, म्हणजे गळ्याभोवती चढवायची कापडी नळी, एवढं झालं की हातांचं अर्धं काम होतं. मुठींपुढे हँडगार्ड बसवून घ्या. गरम होणाऱ्या ग्रिप्स, म्हणजे हँडलच्या मुठी, तळवा शेकतात, वारा मात्र हाताच्या पाठीवर लागतो, म्हणून त्यांच्याआधी हँडगार्ड. ग्रिप्सचा भार बॅटरीला पेलेल का, ते मेकॅनिकला विचारा.

स्पितीसाठी हे हातमोजे पुरणार नाहीत. फेब्रुवारीत तिथे पारा शून्याच्या बराच खाली असतो. बॅटरीवर तापणारे मोजे आणि कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी लागेल. पण रस्त्यावर गोठलेल्या बर्फाचा थर असतो, त्यावर दोन चाकांना कसलाच आधार नाही. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीत चारचाकीने जा. बाइक जूनच्या अखेरीस काढा.

ओले मोजे सायलेन्सरवर किंवा हीटरपुढे वाळवू नका, चामडं कडक होतं. पंख्याखाली टांगा. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवले तर बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा बाहेर काढा.

या शनिवारी नवे मोजे नसतील तर दोन तास उशिरा निघा, आईला फोन करून सांगा. कसाऱ्याच्या पायथ्याशी चहाला थांबा. बधिर हात सायलेन्सरवर शेकू नका, चटका बसलेला कळतच नाही. माझ्याकडे असे भाजलेले हात घेऊन लोक येतात. हात काखेत धरा, बोटांना मुंग्या येऊन गेल्या आणि अंगठ्याने प्रत्येक बोटाचं टोक नीट टेकवता आलं की मगच घाट चढा.